कातरीनं मोडलेली काडी

रांजणगावच्या कंपनीत मी टाइम ऑफिसला होतो. गेटजवळच्या खोलीत बसायचं, कोण किती वाजता आत गेला आणि कोण किती वाजता बाहेर पडला ते लिहायचं, लागतील तसे कामगारांचे दाखले टाइप करायचे. नाव साहेबराव असलं तरी साहेब मी कधीच नव्हतो. सगळे मला आप्पा म्हणत. हजारो माणसं माझ्या खिडकीसमोरून आत गेली आणि बहुतेकांची तोंडंही आता आठवत नाहीत. बिरदेवचं आठवतं. आठवलं की अजून मला माझाच संताप येतो, आणि तो येतो हे बरोबरच आहे.

बिरदेव दौंड तालुक्यातला, खुटबावच्या शिवारातल्या एका धनगर वस्तीवरचा. त्याचे वडील म्हस्कू आबा पन्नाशीपर्यंत मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे. पुढं कॅनॉलचं पाणी आलं, तीन एकरात ऊस उभा राहिला आणि आबांचं फिरणं थांबलं. तरी वीसएक मेंढरं त्यांनी सवयीनं ठेवलीच. मेंढरामागं न जाता आयटीआय करणारा बिरदेव हा त्या घरातला पहिलाच. सत्त्याण्णव साली ठेकेदाराच्या हजेरीवर वेल्डर म्हणून तो आमच्याकडं आला तेव्हा वीस वर्षांचा होता. सडसडीत अंगाचा, बोलायला महाकंजूष.

त्याच्या हातात कला होती. पाइपाचा जोड असा मारायचा की क्वालिटीवाले नुसतं बोट फिरवून सही करत. पण स्वभाव विचारून करणाऱ्याचा. बूट घ्यायचा झाला तरी खिडकीशी येऊन उभा राहणार. "काय करू, आप्पा?" मोठ्या माणसानं एकदा सांगितलं की त्याचा विषय संपला. मला त्याचं कौतुक वाटायचं. आपल्याला कुणी विचारतं म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही?

ठेकेदाराची एक रीत होती. सात महिने झाले की माणसाला पंधरा दिवस 'ब्रेक' द्यायचा, म्हणजे कुणी कायम होत नाही. ब्रेकची यादी माझ्याकडं यायची आणि मीच ती फळ्यावर लावायचो. अकरा वर्षांत बिरदेवचं नाव मी सतरा वेळा लावलं. दरवेळी तो यादी वाचायचा, मान हलवायचा आणि डबा घेऊन निघून जायचा. एकदाच म्हणाला, "आप्पा, सलग दोन वरीस काम केल्यालं कसं वाटत आसंल वो?" मी हसण्यावारी नेलं. त्या प्रश्नावर हसू नये एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

दोन हजार तीन सालात गेटबाहेर एक रंगीत छत्री लागली. छत्रीखाली टेबल, टेबलामागं टाय लावलेला विश्वजीत. शिरूरचाच पोरगा, चांगल्या घरातला, बोलण्यात साखर. कुठल्याशा बँकेची क्रेडिट कार्डं विकत होता. छत्री लावायला परवानगी माझी लागे. तो म्हणाला, "काका, दहा फॉर्म झाले की तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ." मी परवानगी दिली. नऊ फॉर्म झाले, दहावा मिळेना. मग मी बिरदेवला बोलावलं. ठेक्यावरच्या माणसाला कार्ड मिळत नसे, म्हणून कंपनीच्या कागदावर मी त्याला 'कायम' करून टाकलं आणि पगारही फुगवून लिहिला. बाकी अकरा वर्षांत त्याला कुणी कायम केलं नाही. मी केलं, एका घड्याळासाठी. बिरदेवला भेट म्हणून चाकं लावलेली बॅग मिळाली. ती त्यानं प्लॅस्टिकही न काढता घरी नेली.

कार्ड त्यानं एकदाच वापरलं. धाकट्या बहिणीचं, पूनमचं लग्न होतं. शिरूरच्या दुकानातून तिला शिलाई मशीन आणि लोखंडी कपाट घेतलं. नऊ हजार चारशे. दर महिन्याच्या बिलावर खाली 'किमान रक्कम' म्हणून एक आकडा छापलेला असे. त्याला वाटलं, हाच हप्ता. तो आकडा त्यानं दर महिन्याला इमानानं भरला, चौदा महिने, एकही न चुकवता. पंधराव्या बिलावर बाकी दिसली आठ हजार नऊशे. बिल घेऊन तो माझ्याकडं आला. मी चष्मा लावून मागून-पुढून वाचलं. मलाही काही कळलं नाही, पण न कळल्याचं मी दाखवलं नाही. "बघू, विश्वजीतला विचारतो," म्हणालो.

ही गोष्ट आबांच्या कानावर गेली आणि त्यांनी मला निरोप धाडला.

आबा म्हणजे त्या भागातल्या समाजाच्या पंचांतले मुख्य. नवराबायकोचं पटत नसलं की दोन्हीकडची माणसं त्यांच्यासमोर येऊन बसायची. आबा ऐकून घ्यायचे, देणंघेणं फेडायला लावायचे आणि मग पाच जणांसमोर काडी मोडायचे. काडी मोडली की नातं संपलं. त्यानंतर एकानं दुसऱ्याच्या दाराला हात लावायचा नाही, त्याच्या घरचं काही घ्यायचं नाही, निरोपसुद्धा ऐकायचा नाही. आबांनी मोडलेल्या काडीवर कुणी कधी कोर्टात गेलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

मी वस्तीवर पोहोचलो तेव्हा लिंबाखाली घोंगडं अंथरलेलं होतं. चार पंच आधीच बसलेले. विश्वजीतही आला होता, वसुलीला म्हणून. आता छत्री जाऊन त्याच्याकडं वसुलीचं काम आलं होतं. आबा मला म्हणाले, "या आप्पा. सोयरीक जुळवनारं तुम्ही, मोडताना बी तुम्ही पायजे."

मला हसू आलं, पण तिथं कुणी हसत नव्हतं.

आबांनी विश्वजीतला विचारलं, "पावणं, आमच्या पोराला सोडायचं काय घेता?"

विश्वजीतनं माझ्याकडं पाहिलं, मग घड्याळाकडं. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी चार गावं करायची असणार. म्हणाला, "अकराशे द्या, कार्ड परत करा, संपलं."

"पाच मानसांसमोर बोलताय."

"हो आबा. संपलं म्हणजे संपलं."

बिरदेवनं अकराशे दिले. मग आबांनी कार्डाचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं विश्वजीतच्या, आणि म्हणाले मोडा. कार्ड काही मोडेना. वाकायचं, पांढरी घडी पडायची आणि पुन्हा सरळ व्हायचं. दोघं दोन्हीकडून पिळत होते. शेवटी आबांनी मेंढरं कातरायची कातर मागवली आणि कार्ड मधोमध कापलं. अर्धं विश्वजीतला दिलं, अर्धं आपल्या कनवटीला बांधलं. बिरदेव हळूच म्हणाला, "पावती?" आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली. काडी मोडल्यावर पावती मागणं म्हणजे पंचांच्या तोंडावर अविश्वास. मी शिकलेला माणूस होतो, कागदावर पोट भरणारा. मी तरी बोलायला हवं होतं. पण चहा आला, मी चहा घेतला आणि उठलो. ते अकराशे पुढं कुठं गेले देव जाणे.

बँकेकडून पत्रं यायची थांबली नाहीत. ती यायची आणि आबा ती घरात घेत नसत. काडी मोडलेल्या घरचं काय घ्यायचं? "परत धाडली," असं ते बिरदेवला सांगत. बिरदेव मला सांगे, आणि मलाही ते बरं वाटे. वर्षभरात पूनमचं लग्न फिसकटलं. नवरा दारू पिऊन मारायचा. तिची काडीही आबांनीच मोडली, पोटच्या पोरीची. शिलाई मशीन तेवढं तिच्याबरोबर परत आलं. वस्तीवरच्या बायकांची झंपरं शिवून ती चार पैसे मिळवू लागली. तिचा नवरा मधूनमधून वरवंडच्या बाजारात लोकांना सांगत फिरायचा, की म्हाताऱ्याची काडी मी मानत नाही. लोक त्यालाच गप्प करत. आबांच्या काडीला तेवढा मान होता.

दोन हजार सात संपता संपता ठेकेदारानं सांगितलं की मार्चपासून काम बंद. या वेळी ब्रेक नव्हे, कायमचंच. बिरदेव तीस वर्षांचा, बायको, दोन पोरं. कुणीतरी त्याला मुंबईच्या एका एजंटाचा पत्ता दिला. तो जाऊन वेल्डिंगची परीक्षा देऊन आला आणि पहिल्या फटक्यात पास झाला. ओमानमध्ये पाइपलाइनचं काम, दोन वर्षांचा करार. पगाराचं तो फारसं बोललाच नाही. करारपत्र खिडकीतून आत सरकवून एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आप्पा, सलग दोन वरीस. मधी ब्रेक न्हाई." इतकं हसताना मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. तिकीट चौदा मार्चचं होतं.

जानेवारीत कंपनीच्या फोनवर फोन आला. "बिरदेव तिथंच कामाला आहेत का?" मी ऐटीत म्हणालो, "आहेत थोडे दिवस. मग परदेशी चालले." पलीकडून "परदेशी?" असं आलं. मग आवाज ओळखीचा झाला. विश्वजीत होता, आता वसुलीच्याच एका एजन्सीत. म्हणाला, "काका, त्यांच्या नावावर चोपन्न हजार आहेत. असं कसं जातील?"

मी त्याला काडीची आठवण करून दिली. तो समजावल्यासारखं बोलला. "काका, ते तुमचं गावातलं. कॉम्प्युटरला काडी कळते का? तेव्हा अकाउंट बंद झालंच नव्हतं. दंड, व्याज, व्याजावर व्याज, चार वर्षांचं. बँकेचं नो-ड्यूजचं, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र हातात नसेल तर विमानतळावर नाव लाल येतं. पोलीस तिथंच बाजूला घेतात."

ही भीती घालायला त्याला शब्द मीच पुरवला होता. परदेशी चालले, म्हणे.

बिरदेवनं सगळं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन आबांजवळ विषय काढला. काय झालं ते त्यानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "ज्या हातानं बँकेची काडी मोडली, त्याच हातानं पूनमची मोडली. एक खोटी म्हनायची तर दुसरी बी खोटीच की. तू पैसं भर, आन् उद्या त्यो भाड्या दारात येऊन हुबा ऱ्हाईल, म्हनंल माझी बायकू द्या. त्याला काय सांगू मी?"

पूनम तिथंच बसून काजं करत होती म्हणे. तिनं वर पाहिलं नाही.

"काय करू, आप्पा?"

मी म्हणालो, "गुपचूप भरून टाक. आबांना कशाला कळायला पाहिजे?" शिरूरचं कोर्ट माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. एखाद्या वकिलाला विचारलं असतं तर एका चहात कळलं असतं, की कार्डाच्या बाकीपायी विमानतळावर कुणी कुणाला असं धरत नाही. मी विचारलं नाही. मला वाटलं, मला कळतं.

विश्वजीत बावीस हजारांवर आला. बिरदेवनं मोटारसायकल विकली, कमी पडले ते मी घातले. डीडी काढून आम्ही दोघांनी विश्वजीतच्या हातात दिला. या वेळी बिरदेवनं पावती मागितली, आणि ती मिळाली. पण पावती म्हणजे नो-ड्यूजचं पत्र नव्हे. ते मुंबईहून टपालानं येणार, नोंदलेल्या पत्त्यावर. नोंदलेला पत्ता खुटबावचा. मी म्हणालो, पत्ता बदला, कंपनीचा टाका. विश्वजीत म्हणाला, त्याला महिना जाईल. म्हणून ते तसंच राहिलं.

बिरदेवला धास्ती एकच, की आबा पत्र परत धाडतील. म्हणून त्यानं संपत पोस्टमनला गाठून सांगून ठेवलं: बँकेचं पाकीट आलं तर आबांच्या हातात द्यायचं नाही, पूनमला द्यायचं किंवा पोस्टातच ठेवायचं. संपत म्हणाला, बरं. मार्च उजाडला. बिरदेव रांजणगावहून एक दिवसाआड घरी चक्कर मारू लागला. आबांना सांगितलं, परदेशातल्या कंपनीचं एक पत्र यायचंय, ते आलं की निघायचं. आबाही रोज विचारत, आलं का तुझं पत्र? पूनमला त्यानं खरं सांगितलं होतं. ती म्हणे, न्हाई आलं. मधले आठ दिवस संपत मुलीच्या लग्नासाठी रजेवर होता. परत आल्यावर त्यालाही विचारलं. तो म्हणाला, माझ्या हातून तरी काही गेलं नाही. विश्वजीतला मी रोज फोन करत होतो. "पत्र निघालंय काका, घरी बघा," एवढंच तो सांगायचा.

चौदा तारखेला मी रजा टाकून त्याच्याबरोबर मुंबईला गेलो. विमान दुपारी सव्वादोनचं होतं. अंगावर नवा शर्ट, पायात नवे बूट, आणि हातात तीच चाकांची बॅग. पाच वर्षांत तिच्यावरचं प्लॅस्टिक त्यानं पहिल्यांदा काढलं होतं. विमानतळाच्या दारात बंदूकधारी पोलीस प्रत्येकाचा पासपोर्ट आणि तिकीट बघून आत सोडत होता. रांगेत त्याच्याच तुकडीतले पाचसहा जण होते, बिहारकडचे. ते हाका मारत होते, "आ जा भाई, टाइम हो गया." त्यातला एक तर परत येऊन त्याचा दंड धरून ओढू लागला.

बिरदेव जागचा हलला नाही. म्हणाला, "आप्पा, धरलं तर धरू द्या. जेलात बी जाईन. पर पोलीस घरी फोन करनार. मंग आबाला कळंल म्या पैसं भरलं त्ये. पूनमचं काय हुईल?" आणि मग माझ्याकडं वळून, खिडकीशी उभा राहून विचारायचा तसंच विचारलं. "काय करू, आप्पा?"

मला ठाऊक नव्हतं. हे मला आज लिहिता येतं, तेव्हा तोंडातून निघालं नाही. अकरा वर्षं ज्याला मी सल्ले दिले त्याच्यासमोर 'मला माहीत नाही' म्हणायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "धोका घेऊ नको. पुढच्या तुकडीबरोबर जाशील."

तो बरं म्हणाला. आम्ही बॅग ओढत परत फिरलो. परतीच्या एसटीत लोणावळा आल्यावर तो म्हणाला, "इमान गेलं आसंल आता."

पुढची तुकडी निघाली नाही. एजंटानं हात वर केले, व्हिसाची मुदत संपली, त्याला दिलेले पैसे बुडाले. दोन वर्षांनी विश्वजीत मला शिरूरच्या स्टँडवर भेटला. तेव्हा तो विमा विकत होता. मी त्याला विमानतळाचं विचारलं. त्याला आधी आठवेनाच. मग म्हणाला, "छे हो काका, तसं काही नसतं. आम्हाला बोलायला सांगायचे तसं. सगळ्यांनाच सांगायचो." त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, हेच मला सहन झालं नाही. मी त्याच्या टेबलावरचा चहा तसाच टाकून उठलो.

बिरदेव आता वरवंडला हायवेच्या कडेला एका शेडमध्ये ट्रॉल्या आणि लोखंडी गेटं जोडतो. काम असलं की रोज, नसलं की नाही. मी कधी त्या बाजूला गेलो तर थांबतो. तो तोंडापुढची वेल्डिंगची काच वर करतो, हसतो, चहा सांगतो. मला काही विचारत मात्र नाही. बाकी सगळं तो विसरला असेल, माझा सल्ला घ्यायचं त्यानं सोडलं, आणि ते मला लागतं.

पण सांगायचं आहे ते त्याच वर्षीच्या एप्रिलमधलं. विमान चुकल्याला महिना झाला होता. बिरदेवचा शेजाऱ्याच्या मोबाइलवरून फोन आला. "आप्पा, जमलं तर वस्तीवर या." मी शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला आलो, तिथून जीपनं खुटबाव.

आदल्या संध्याकाळी वावटळ झाली होती. मेंढरांच्या गोठ्यावरचा पत्रा उडून उसात जाऊन पडलेला. गोठ्याच्या दारात बिरदेव उकिडवा बसला होता आणि त्याच्यापुढं पाकिटांचा एक गठ्ठा होता, लोकरीच्या दोरीनं बांधलेला. तीसपस्तीस असतील. एकही उघडलेलं नव्हतं. काही उंदरांनी कुरतडलेली, काही लेंड्यांच्या वासानं पिवळी पडलेली. आबांनी एकही पत्र कधी परत धाडलंच नव्हतं. पत्र परत घ्यायला पोस्टमन सही मागायचा, आणि काडी मोडल्यावर सही कसली म्हणून आबा ती देत नसत. घरात आणायचं नाही, आणि लिहिलेला कागद पायदळी तुडवायचा नाही, म्हणून पत्र्याखाली खोचून ठेवायचे.

सगळ्यांत वरचं पाकीट नवं होतं. बिरदेवनं ते माझ्या हातात दिलं. खुटबाव पोस्टाचा शिक्का तीन मार्चचा. संपत रजेवर असताना त्याच्या जागी कासुर्डीचा माणूस टपाल वाटत होता. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यानं ते बांधावर मेंढरं चारणाऱ्या आबांच्या हातात दिलं असणार, आणि आबा चार वर्षं करत आले तेच त्यांनी केलं. विमानाच्या आधी अकरा दिवस ते पत्र इथं आलं होतं. बिरदेव एक दिवसाआड या गोठ्यावरून जात होता.

मी पाकीट फाडायला गेलो. बिरदेवनं ते काढून घेतलं.

"उगडू नका, आप्पा."

"अरे, यात लिहिलंय तू मोकळा आहेस म्हणून. बघ तरी."

"मला म्हाईत हाय काय लिव्हलंय त्ये."

ओसरीवर पूनमचं मशीन थांबलं. ती आमच्याकडं बघत होती. तिनं सगळं ओळखलं होतं. ती उठली नाही, पायाखालच्या पट्टीवर पाय तसाच ठेवून बसून राहिली.

तेवढ्यात बांधावरून आबा आले. काठी टेकत, मागं चारदोन मेंढरं. माझ्याकडं बघून रामराम घातला. मग त्यांना गठ्ठा दिसला.

"सापडली व्हय?" आबा म्हणाले. "घरात न्हेऊ नगा. त्या घरचं काय बी आत घ्यायचं न्हाई. नवा पत्रा ठोकला की हुती तिथंच ठिवा."

"व्हय, आबा," बिरदेव म्हणाला.

त्यानं नवं पाकीट पुन्हा गठ्ठ्यावर ठेवलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून मधोमध सरकवलं, जुन्या पाकिटांच्या आत. लोकरीची दोरी दोन वेढे देऊन आवळली. वेल्डिंगनं पोळलेल्या त्या बोटांना गाठ मारायला जरा वेळ लागला. आबा काठीवर हनुवटी टेकून त्याच्याकडं बघत उभे होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काळजी होती, पोराच्या भल्याचीच होती.

"तुज्या त्या कंपनीचं पत्र अजून न्हाई का रं आलं?" त्यांनी विचारलं.

बिरदेव गठ्ठा हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "न्हाई, आबा. न्हाई आलं."